किटीचा नकार : १८४४ साली अमेरिकेतलं मेथडिस्ट चर्च कसं फुटलं

१ मे १८४४ रोजी न्यूयॉर्कमधल्या ग्रीन स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची जनरल कॉन्फरन्स सुरू झाली. दर चार वर्षांनी भरणारी ही सभा म्हणजे या चर्चचं सर्वोच्च पीठ. देशभरातून निवडून आलेले सुमारे १८० पाळक हजर होते. सभा उठली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर दहा लाखांहून जास्त सभासदांच्या, त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे करण्याची योजना मंजूर झाली होती. यादवी युद्धाला अजून सतरा वर्षं होती.

निमित्त एका बिशपचं होतं. जेम्स ऑस्गुड अँड्र्यू, राहणार जॉर्जिया. त्याच्या मालकीची माणसं होती. असा मालक बिशप राहू शकतो का, हा सभेपुढचा प्रश्न. इतिहासात हे प्रकरण त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मी मात्र ते वाचताना दर वेळी एका मुलीपाशी अडखळतो. कॅथरिन बॉइड तिचं नाव, सगळे तिला किटी म्हणत. कायद्याने ती अँड्र्यूची मालमत्ता होती. तिने एकदा ‘नाही’ म्हटलं होतं, आणि त्या नकाराचा आधार बिशपच्या बाजूने शेवटपर्यंत सोडला नाही. ती स्वतः त्या सभागृहात कधीच आली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही.

कागदावरचा नियम

गुलामगिरी वाईट की चांगली, याबद्दल या चर्चच्या मनात सुरुवातीला संभ्रम नव्हता. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने १७७४ सालीच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. मरणाच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ ला, त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स याला जे पत्र पाठवलं, त्यात अमेरिकेतली गुलामगिरी ही सूर्याने पाहिलेल्या गुलामगिऱ्यांत सर्वांत नीच असल्याचं म्हटलं आहे. अमेरिकेतले पहिले मेथडिस्ट उपदेशक हेच मन घेऊन घोड्यावरून हिंडत होते. फ्रीबॉर्न गॅरेटसन याने १७७५ साली आपले गुलाम सोडून दिले आणि मगच तो उपदेशाला बाहेर पडला. त्याचं प्रवचन ऐकून डेलावेअरमधल्या एका मालकाचं मन पालटलं. मन पालटलं, पण हिशेब सुटला नाही: त्याने आपल्या तरुण गुलामाला दोन हजार डॉलरला स्वतःला विकत घेण्याची मुभा दिली. तो तरुण म्हणजे रिचर्ड ॲलन. पुढे फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना प्रार्थनेच्या मधोमध गुडघ्यांवरून उठवण्यात आलं, तेव्हा जे बाहेर पडले त्यांचा म्होरक्या हाच होता. १८१६ साली त्याने आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या स्वतंत्र संस्थेची स्थापना केली. गोऱ्यांचं मेथडिस्ट चर्च फुटण्याच्या २८ वर्षं आधी काळ्या मेथडिस्टांनी आपला निर्णय घेऊन टाकला होता, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

१७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला चर्चची रीतसर स्थापना झाली, तेव्हा नियम कडक झाला. गुलाम बाळगणाऱ्या सभासदाने बारा महिन्यांच्या आत त्यांच्या मुक्तीचा दस्तऐवज करावा, नाहीतर मंडळीतून जावं. पुढच्या वसंतात थॉमस कोक हा पाद्री व्हर्जिनियात हेच सांगत फिरला. एके ठिकाणी जमाव त्याच्यावर चालून आला, आणि या माणसाला शंभर फटके माराल तर पन्नास पौंड देईन, असं एका बाईने जमावाला सांगितलं. मे महिन्यात कोक आणि अमेरिकेतल्या मेथडिस्टांचा पुढारी फ्रान्सिस ॲझबरी हे दोघे जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी मुक्तीचा अर्ज घेऊन गेले. वॉशिंग्टनने त्यांना जेवू घातलं, विचार पटतात म्हणाला, आणि सही केली नाही. जूनमध्ये चर्चनेच नियम स्थगित केला. बारा महिन्यांची मुदत दिलेला नियम सहा महिनेही टिकला नाही.

त्यानंतरची पन्नास वर्षं ही माघारीची पन्नास वर्षं आहेत. कापसाची सरकी काढणारं यंत्र १७९३ साली आलं, दक्षिणेत कापूस पसरला, आणि कापसाबरोबर माणसांच्या किमती वाढल्या. चर्चही दक्षिणेत पसरत होतं. मळ्याच्या मालकाला दुखावलं तर मळ्यावर पाऊल ठेवू देणार नाही, मग गुलामांना ख्रिस्त सांगणार कोण? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो इतका घातक ठरला. १८०८ साली ॲझबरीच्याच सूचनेवरून साउथ कॅरोलायनासाठी चर्चच्या नियमावलीच्या एक हजार वेगळ्या प्रती छापायचं ठरलं. त्यांत गुलामगिरीवरचा भागच गाळायचा होता. हाच ॲझबरी वॉशिंग्टनच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला होता. पुढच्या वर्षी त्याने आपल्या रोजनिशीत असा विचार लिहिला, की मुक्तीचे प्रयत्न करण्यापेक्षा गुलामांची स्थिती सुधारली असती तर त्या गरीब आफ्रिकनांचं जास्त भलं झालं नसतं का. हा माणूस ढोंगी नव्हता. आयुष्यभर त्याला स्वतःचं घर नव्हतं, घोड्यावर त्याची हाडं झिजली. म्हणून ती ओळ वाचताना जास्त त्रास होतो.

शेवटी १८१६ च्या सुमाराला नियमाला जे रूप आलं ते असं: ज्या राज्याचा कायदा मुक्तीला परवानगी देतो आणि सुटलेल्या माणसाला तिथे स्वतंत्र राहू देतो, त्या राज्यात गुलाम बाळगणाऱ्याला चर्चचं पद मिळणार नाही. म्हणजे जिथे कायदा आडवा येतो तिथे सवलत. आणि जॉर्जियाच्या विधिमंडळाने १८०१ साली आणि पुन्हा १८१८ साली कायदे करून खासगी मुक्तीचा रस्ता जवळपास बंदच केला होता. कायदे करणारे कोण, तर मळेवाले. त्यांतले कितीतरी रविवारी चर्चमध्ये बसत. स्वतःच दार लावायचं आणि मग दार बंद आहे म्हणून सवलत मागायची, असा हा प्रकार होता.

ज्यांनी गप्प बसायचं नाकारलं

१८३० नंतर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे देशाच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, हवा बदलली. ऑरेंज स्कॉट हा व्हरमाँटचा गरीब घरातला पाळक. त्याने स्वखर्चाने विल्यम लॉइड गॅरिसनचं ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी पत्र आपल्या भागातल्या शंभर उपदेशकांच्या नावे सुरू करून दिलं. थोड्याच काळात त्यांतले बहुतेक निर्मूलनवादी, म्हणजे गुलामगिरी समूळ नष्ट करा म्हणणारे, झाले. चर्चच्या वरिष्ठांना याची धडकी भरली. प्रांतिक परिषदांमध्ये गुलामगिरीविरोधी ठराव आला की अध्यक्ष असलेला बिशप तो मताला टाकायलाच नकार देई. १८३६ ला सिनसिनाटीच्या जनरल कॉन्फरन्समध्ये दोन प्रतिनिधींनी गावातल्या निर्मूलनवाद्यांच्या सभेत भाषण केलं म्हणून त्यांची निर्भर्त्सना करण्यात आली. ‘आधुनिक निर्मूलनवादा’शी आमचा संबंध नाही, मालक-गुलाम या नात्यात ढवळाढवळ करायचा आमचा हक्क नाही आणि इच्छाही नाही, असा ठराव १२० विरुद्ध १४ मतांनी झाला. चौदा. उत्तरेतले प्रतिनिधी बहुसंख्य असलेल्या सभेत फक्त चौदा.

१८४० ला बाल्टिमोरमध्ये आणखी एक ठराव झाला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. जॉर्जियाच्या इग्नेशियस फ्यू याने तो मांडला. ज्या राज्यात कायद्याने काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही, तिथे चर्चच्या अंतर्गत चौकशीतही पाळकाने अशी साक्ष घेणं असमर्थनीय ठरेल, असं त्यात होतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. लाखाहून जास्त कृष्णवर्णीय या चर्चचे बाप्तिस्मा झालेले सभासद होते. गोऱ्या सभासदाने त्यांच्यावर काहीही केलं तरी त्यांच्याच मंडळीसमोर त्यांचा शब्द शब्द धरला जाणार नव्हता. ठराव मंजूर झाला.

स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांनी १८४२ च्या अखेरीस चर्च सोडलं. मे १८४३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथे त्यांनी वेस्लियन मेथडिस्ट कनेक्शन स्थापन केलं. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही, बिशपही नकोत, हे त्यांचं धोरण. सुरुवातीला साधारण सहा हजार लोक होते. (स्त्रियांच्या हक्कांची १८४८ ची सेनेका फॉल्सची परिषद भरली ती याच पंथाच्या प्रार्थनाघरात.) जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत मेथडिस्टांपैकी कुणाला मोजायचं असेल तर मी आधी या सहा हजारांना मोजेन.

सहा हजार ही संख्या दहा लाखांपुढे किरकोळ. पण उत्तरेतल्या मध्यममार्गी पाळकांना तिने हादरवलं. आणखी एखादी अशी गोष्ट घडली, तर न्यू इंग्लंडमधल्या मंडळ्याच्या मंडळ्या युटिकाच्या वाटेने जातील, हे त्यांना दिसत होतं. आणि नेमकी तशी गोष्ट जानेवारी १८४४ मध्ये जॉर्जियात घडली. बिशप अँड्र्यूने दुसरं लग्न केलं.

बिशपचं पत्र

अँड्र्यू १८३२ साली बिशप झाला. तेव्हा दक्षिणेतला असूनही त्याच्याकडे गुलाम नाहीत, ही गोष्ट त्याच्या निवडीला उपयोगी पडली होती. तो जॉर्जियातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावात राही. चर्चचं एमरी कॉलेज तिथेच. जनरल कॉन्फरन्सने चौकशी केली तेव्हा त्याने लेखी खुलासा दिला. त्यात तीन गोष्टी होत्या.

एक: ऑगस्टा गावच्या एका वृद्ध बाईने मृत्युपत्रात एक मिश्रवर्णीय मुलगी त्याच्याकडे सोपवली. ती एकोणीस वर्षांची झाली की तिच्या संमतीने तिला लायबेरियाला, म्हणजे सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी पश्चिम आफ्रिकेत वसवलेल्या वसाहतीत, पाठवायचं. ती नाही म्हणाली तर तिला ठेवून घ्यायचं आणि जॉर्जियाचा कायदा देईल तितकं स्वातंत्र्य द्यायचं. वेळ आली तेव्हा ती जायला राजी झाली नाही. ती आपल्याच इच्छेने माझी कायदेशीर गुलाम म्हणून राहिली आहे, माझ्या आवारात स्वतःच्या घरात राहते, मला तिच्यापासून काही कमाई नाही, असं बिशपने लिहिलं. ही किटी. दोन: पहिल्या बायकोला तिच्या आईकडून एक मुलगा मिळाला होता. बायको मृत्युपत्र न करता गेली, म्हणून कायद्याने तो आपल्याकडे आला. तीन: जानेवारीत जिच्याशी लग्न केलं त्या विधवेकडे पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले गुलाम होते. त्यांचा मालक व्हायची इच्छा नसल्याने आपण ते विश्वस्तपत्र करून तिच्या नावेच ठेवले.

पत्र मोठं साळसूद आहे. त्यात बिशप काहीच करत नाही, सगळं त्याच्या बाबतीत घडत जातं. एक म्हातारी मुलगी सोपवते, सासू मुलगा ठेवून जाते, बायको गुलाम घेऊन येते, कायदा हात बांधतो. आणि या सगळ्यांत एकमेव माणूस, जिने ‘स्वतःच्या इच्छेने’ काही ठरवलं असं पत्र सांगतं, ती किटी. दास्यातल्या मुलीच्या माथ्यावर तिच्या दास्याची जबाबदारी.

नकाराची हकिकत अशी सांगितली जाते: १८४१ च्या डिसेंबरात एमरीचा अध्यक्ष ऑगस्टस लाँगस्ट्रीट आणि प्राध्यापक जॉर्ज लेन यांनी बिशपच्या सांगण्यावरून किटीला विचारलं, लायबेरियाला जाशील का? तिने नाही म्हटलं, आणि तसं टिपून ठेवण्यात आलं. तिच्यासमोर काय होतं ते पाहू. एका बाजूला समुद्रापलीकडचा मुलूख, जिथे पोचलेल्या वसाहतकऱ्यांपैकी कितीतरी जण तापाने मरत होते आणि जिथे तिचं ओळखीचं कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला जन्मभराचं गुलामपण. जॉर्जियात राहून मोकळी होशील का, हा तिसरा प्रश्न तिला विचारलाच गेला नाही, कारण त्याचं उत्तर कायद्याने आधीच देऊन टाकलं होतं. विचारणारे दोघे प्रतिष्ठित गोरे गृहस्थ, मालकाचे स्नेही. चार दिशांपैकी तीन बुजवून उरलेल्या वाटेला ‘निवड’ म्हणायचं असेल तर ही निवड होती.

ज्या चर्चने १८४० ला काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष घ्यायची नाही असं ठरवलं, त्याच चर्चच्या सभेत चार वर्षांनी एका काळ्या मुलीचा एक शब्द पुरावा म्हणून मानाने वाचला गेला. कारण तो गोऱ्याच्या बाजूने पडत होता, आणि तोही गोऱ्यांच्याच तोंडून आला होता. इतकी कागदपत्रं झाली, इतकी भाषणं झाली, पण हे तिथे कुणाला खटकल्याची नोंद मला कुठे आढळली नाही.

ग्रीन स्ट्रीटवर

बिशपचं प्रकरण येण्याआधी एक लहान प्रकरण निकालात निघालं होतं. बाल्टिमोर परिषदेतला फ्रान्सिस हार्डिंग हा पाळक. त्याला लग्नातून पाच गुलाम मिळाले. ते मुक्त करायला त्याने नकार दिला म्हणून परिषदेने त्याला निलंबित केलं होतं. त्याचं अपील ११७ विरुद्ध ५६ मतांनी फेटाळलं गेलं. साध्या पाळकाला हा न्याय, मग बिशपला कोणता?

इथे मेथडिस्टांच्या बिशपपदाचा वेगळेपणा समजून घ्यावा लागतो, कारण फाळणीचं यंत्र तिथे आहे. इतर चर्चमध्ये बिशपचा एक ठरलेला प्रदेश असतो. त्या काळचा मेथडिस्टांचा बिशप फिरता. साऱ्या देशाचा तो बिशप. आज जॉर्जियात, पुढच्या महिन्यात व्हरमाँटमध्ये तो प्रांतिक परिषदेचा अध्यक्ष होणार, नव्या पाळकांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा देणार, आणि शेवटच्या दिवशी यादी वाचून कोणी कुठल्या मंडळीत जायचं ते सांगणार. त्या यादीवर अपील नाही. म्हणजे गुलामगिरीला पाप मानणाऱ्या न्यू इंग्लंडच्या पाळकाची नेमणूक गुलामांच्या मालकाने करायची. अँड्र्यूला फक्त दक्षिणेत ठेवा म्हटलं तर ‘साऱ्या चर्चचा बिशप’ ही कल्पनाच मोडते.

अँड्र्यू राजीनामा द्यायला तयार होता, असं त्याच्या बाजूचे लोकही सांगतात. दक्षिणेच्या प्रतिनिधींनी त्याला तो देऊ दिला नाही. तुम्ही मान खाली घातलीत तर आमचा प्रत्येक पाळक कलंकित ठरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एका माणसाला सुटायचं होतं आणि त्याच्या गोटाने त्याला सुटू दिलं नाही.

बाल्टिमोरच्या दोघांनी आधी बिशपला प्रेमपूर्वक राजीनाम्याची विनंती करणारा ठराव आणला. त्यावर ओहायोच्या जेम्स फिनलीने सौम्य पर्याय दिला: लग्नामुळे आणि अन्य प्रकारे बिशपचा गुलामगिरीशी संबंध आला आहे, त्यामुळे फिरत्या बिशपचं काम करणं त्याला फार अडचणीचं, काही ठिकाणी अशक्यच होईल, म्हणून ही अडचण आहे तोवर त्याने पदाचं काम थांबवावं, असं या सभेचं मत आहे. शब्दांकडे पाहा. पाप हा शब्द नाही. अन्याय हा शब्द नाही. ‘अडचण’ आहे. माणसं मालकीची असणं ही कामकाजातली अडचण म्हणून नोंदली गेली.

वादही तसाच झाला, दिवसेंदिवस. दक्षिण म्हणाली, बिशपने कोणता नियम मोडला ते दाखवा. आमच्या राज्यात कायदा मुक्ती देत नाही, म्हणून नियमातली सवलत त्याला लागू आहे. चौकशी नाही, आरोपपत्र नाही, आणि नुसत्या बहुमताने बिशपला बाजूला करता? ओहायोच्या लिओनिडास हॅमलिनने उत्तर दिलं, की बिशप हा जनरल कॉन्फरन्सचा अधिकारी आहे, आणि गैरसोयीचा झाला तर त्याला काढण्याचा अधिकार सभेला आहे. त्या भाषणावर तो स्वतः त्याच सभेत बिशप झाला, असं म्हणतात ते फारसं खोटं नसावं. जॉर्जियाचा तरुण वक्ता जॉर्ज पियर्स तर तडकून म्हणाला, की न्यू इंग्लंडला खुशाल जाऊ द्या.

मला त्या सगळ्यांत स्टीफन ओलिनचं भाषण लक्षात राहतं. जन्म न्यू इंग्लंडचा, तरुणपण जॉर्जियात अध्यापनात गेलेलं, स्वतः एकेकाळी गुलामांचा मालक, आता उत्तरेत वेस्लियन विद्यापीठाचा अध्यक्ष, आणि प्रकृतीने खंगलेला. दोन्हीकडे त्याची जिवाची माणसं होती. अँड्र्यूने नियम मोडलेला नाही हे तो मान्य करत होता, आणि तरीही तो उत्तरेत बिशप राहू शकत नाही असंही सांगत होता. चर्च फुटणार हे त्याला दिसत होतं आणि तो ते रोखू शकत नव्हता. त्याच्या भाषणात तळमळ आहे. पण ती तळमळ दोन बाजूंच्या गोऱ्या भावांसाठी आहे.

अँड्र्यू स्वतःही बोलला. ऐकायला विचित्र वाटेल, पण मी सदसद्विवेकाला स्मरून गुलामांचा मालक आहे, असं त्याने सांगितलं. बायकोच्या गुलामांत म्हातारी आहेत, लहान मुलं आहेत, त्यांना सोडलं तर जातील कुठे, असा त्याचा सवाल. तो खराही असेल. पण ज्यांच्याबद्दल बोलत होता त्यांना तो विचारायचा कुणी प्रयत्न केला का?

बिशप मंडळींनी निर्णय चार वर्षं पुढे ढकलण्याची विनंती केली. न्यू इंग्लंडमधली परिस्थिती ओळखून बिशप हेडिंगने त्यावरची आपली सही मागे घेतली आणि विनंती बारगळली. १ जूनला फिनलीचा ठराव सुमारे ११० विरुद्ध ६८ मतांनी मंजूर झाला. लाँगस्ट्रीटने, त्याच किटीला प्रश्न विचारणाऱ्या लाँगस्ट्रीटने, दक्षिणेच्या वतीने निवेदन मांडलं: या सभेच्या अधिकाराखाली गुलामगिरीच्या राज्यांत आमचं धर्मकार्य यापुढे चालू शकणार नाही. नऊ जणांची समिती नेमली गेली आणि ८ जूनला विभाजनाची योजना मान्य झाली. सीमेवरच्या मंडळ्यांनी बहुमताने ठरवायचं कुठे जायचं ते, आणि छापखान्याची मालमत्ता वाटून घ्यायची. भावकीची वाटणी होते तशी, शक्यतो सलोख्याने.

वाटणीनंतर

सलोखा टिकला नाही. मे १८४५ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल इथे दक्षिणेचं वेगळं चर्च उभं राहिलं. मूळचा मेनचा बिशप जोशुआ सोल आपला जन्मप्रांत सोडून दक्षिणेला मिळाला. १८४८ ला उत्तरेने विभाजनाची योजनाच रद्द ठरवली आणि दक्षिणेच्या सदिच्छा प्रतिनिधीला स्वीकारायला नकार दिला. छापखान्याचा पैसा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८५४ साली दक्षिणेला तिचा वाटा मिळाला. सीमेवर तर रक्तही सांडलं. उत्तरेच्या चर्चचा पाळक अँथनी ब्यूली याला सप्टेंबर १८६० मध्ये टेक्सासातल्या फोर्ट वर्थला जमावाने फासावर लटकवलं.

१८४५ च्याच मे महिन्यात बॅप्टिस्टही फुटले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, या वादातून जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं. राजकारण्यांना याचा अर्थ लगेच कळला. ४ मार्च १८५० ला सिनेटमध्ये साउथ कॅरोलायनाचा सिनेटर जॉन कॅल्हून याचं अखेरचं भाषण वाचलं गेलं. तो इतका आजारी होता की दुसऱ्याने वाचलं. राज्यांना बांधून ठेवणारे अनेक धागे आहेत, त्यांतला पहिला तुटला तो मेथडिस्ट चर्चचा, असं त्यात होतं. गुलामगिरीचा सर्वांत कट्टर समर्थक हे सांगत होता, आणि या मुद्द्यावर तो बरोबर होता. एकाच स्तोत्रसंहितेतून गाणारी माणसं एका सभागृहात बसू शकत नसतील, तर बाकीच्यांनी काय करायचं?

उत्तरेचं चर्च यातून शुद्ध होऊन बाहेर पडलं असं समजण्याचं कारण नाही. मेरीलँड, डेलावेअर, केंटकी, मिसूरीमध्ये त्याचे सभासद गुलाम बाळगतच राहिले. सभासदांना गुलाम बाळगायला सरळ बंदी करणारा नियम १८६४ मध्ये झाला, युद्ध संपत आलं तेव्हा. १७८४ ला जे ठरलं होतं तिथे परत यायला ऐंशी वर्षं लागली. १८७१ साली मुंबईला आलेला धर्मप्रचारक विल्यम टेलर याच उत्तरेच्या चर्चचा, आणि आपल्याकडच्या मेथडिस्ट मंडळ्यांचं मूळही त्याच बाजूला आहे. मुंबईतल्या मेथडिस्ट कुटुंबांना या वारशातलं हे पान क्वचितच माहीत असतं.

दोन्ही चर्च १९३९ ला पुन्हा एक झाली. पण कृष्णवर्णीय मंडळ्यांना ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाच्या वेगळ्या विभागात कोंबूनच ही एकी साधली गेली. गोऱ्या मंडळ्यांचे विभाग भूगोलावर, यांचा एकट्यांचा वर्णावर. तो विभाग १९६८ ला मोडला.

बिशपच्या आवारातलं घर

अँड्र्यू दक्षिणेच्या चर्चचा बिशप म्हणून मानाने जगला आणि १८७१ साली वारला. दक्षिणेच्या आठवणींत तो ‘नाइलाजाने मालक झालेला’ भला माणूस राहिला. अलीकडे अभ्यासकांनी जनगणनेची आणि मालमत्तेची कागदं तपासली, तेव्हा ही नाइलाजाची गोष्ट टिकली नाही. पत्रातल्या तीन कलमांत न मावणारी माणसं त्याच्या मालकीत सापडली.

किटी तिच्या लहान घरात राहिली, आई झाली, आणि १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिशीच्या आसपास, मेली. ‘कायदा देईल तितकं स्वातंत्र्य’ तिला मिळालं असेल, पण कायद्यात मूल आईची स्थिती घेऊन जन्माला येई. तिची मुलं जन्मतः गुलाम होती.

ऑक्सफर्डमध्ये गोऱ्या कुटुंबांत तिची कथा एकनिष्ठ दासीची म्हणून सांगितली गेली. स्वातंत्र्य पुढ्यात ठेवलं तरी जिने मालकाचं घर सोडलं नाही, अशी. वर्णभेदाच्या ऐन काळात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, तिचं घर उचलून जवळच्या सालेम कॅम्पग्राउंड या धर्ममेळाव्यांच्या जागेवर नेलं आणि स्मारक म्हणून ठेवलं. त्याच गावातले कृष्णवर्णीय रहिवासी पिढ्यानपिढ्या दुसरी गोष्ट सांगत आले: बिशपने तिला ठेवली होती आणि तिची मुलं त्याची होती. कागदांनी ही गोष्ट सिद्ध होत नाही, खोटीही ठरत नाही. चर्चच्या लेखी अशी साक्ष घ्यायची नव्हतीच, म्हणून ती स्वयंपाकघरांत आणि ओसऱ्यांवर टिकून राहिली.

१९९४ ला ते घर पुन्हा ऑक्सफर्डला आणलं गेलं. जानेवारी २०११ मध्ये एमरी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी संस्थेच्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल अधिकृत खेद व्यक्त केला, आणि त्याच हिवाळ्यात किटीचे वंशज विद्यापीठाच्या निमंत्रणावरून आले. लायबेरिया, मृत्युपत्र, ठराव, मतमोजणी यांची कागदं जपून ठेवलेली होती. किटीच्या स्वतःच्या हातचं त्यांत काही नव्हतं.